‘पैसे घ्यायला पिन लागत नाही’ हे माहीत असूनही पैसे का जातात? डिजिटल आर्थिक साक्षरतेवरचं संशोधन काय सांगतं?

२०२२ ची गोष्ट. पुण्यातली भाड्याची खोली सोडताना मी अभ्यासाचं टेबल विकायला काढलं. ऑनलाइन जाहिरात टाकून दहा मिनिटंही झाली नसतील, एकाचा फोन आला. लष्करात आहे म्हणाला, बदली होऊन आलोय, टेबल बघायलाही येत नाही, पैसे आत्ताच पाठवतो. खात्री पटावी म्हणून आधी ५ रुपये पाठवले आणि ते खरोखर जमा झाले. मग टेबलाच्या पैशांची सूचना फोनवर आली. मी ती उघडली, पिन टाकला. बँकेचा मेसेज आला तेव्हा कळलं, पैसे आले नव्हते, गेले होते.

मी संगणक अभियांत्रिकीचा पदवीधर आहे. पैसे घ्यायला पिन लागत नाही हे मला माहीत होतं. आदल्याच दिवाळीत आईला शेजारी बसवून हे समजावलं होतं. त्या दिवशी मात्र सामान बांधायचं होतं, टेम्पोवाला खाली हॉर्न वाजवत होता आणि फोनवरचा माणूस बोलायचा थांबत नव्हता.

माहीत असणं आणि ऐन वेळी तसं वागणं, या दोन्हींमध्ये मोठी फट आहे. डिजिटल आर्थिक साक्षरतेवरचं अलीकडचं बरंचसं संशोधन या फटीभोवतीच फिरतंय. विषय पुस्तकी वाटेल, पण आकडा बघा. केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार सायबर फसवणुकीत भारतीयांचे २०२३ मध्ये ७,४६५ कोटी रुपये गेले, २०२४ मध्ये २२,८४५ कोटी. एका वर्षात तिप्पट. तेही गावोगाव जनजागृती चालू असताना.

सुरुवात झाली तीन प्रश्नांपासून

आर्थिक साक्षरता मोजायची कशी, यावर जगभर वापरली जाणारी पट्टी अमेरिकेत तयार झाली. ॲनामारिया लुसार्डी आणि ऑलिव्हिया मिचेल या दोन अर्थतज्ज्ञांनी २००४ मध्ये पन्नाशीपुढच्या अमेरिकी नागरिकांना तीन प्रश्न विचारले. रुपयांत आणले तर ते साधारण असे होतील. तुम्हीही सोडवून बघा.

एक: खात्यात १०० रुपये आहेत, वर्षाला २ टक्के व्याज मिळतं. हात न लावता ५ वर्षं ठेवले तर १०२ पेक्षा जास्त होतील, बरोबर १०२ की कमी? दोन: व्याज १ टक्का आणि महागाई २ टक्के असेल, तर वर्षभराने त्या पैशांत आजच्यापेक्षा जास्त वस्तू येतील, तेवढ्याच की कमी? तीन: म्युच्युअल फंडापेक्षा एकाच कंपनीच्या शेअरमध्ये पैसे ठेवणं सहसा जास्त सुरक्षित असतं, हे खरं की खोटं?

उत्तरं: जास्त, कमी, खोटं. सोपं वाटलं? तिन्ही उत्तरं बरोबर देणारे तेव्हा जेमतेम एकतृतीयांश निघाले.

पुढे हीच पद्धत अनेक देशांनी उचलली. २०१४ मध्ये ‘स्टँडर्ड अँड पुअर्स’ने १४० हून अधिक देशांतल्या दीड लाखावर लोकांची अशीच पाहणी केली. जगात ३३ टक्के प्रौढ आर्थिकदृष्ट्या साक्षर ठरले, भारतात २४ टक्के. आपल्याकडच्या राष्ट्रीय वित्तीय शिक्षण केंद्राच्या २०१९ च्या सर्वेक्षणात हा आकडा २७ टक्के आला. पाहण्यांचे निकष वेगळे असल्याने या दोन आकड्यांची थेट तुलना करण्यात अर्थ नाही.

पण प्रश्नांकडे पुन्हा एकदा बघा. व्याज, महागाई, गुंतवणूक. हे सगळे सावकाश घ्यायचे निर्णय आहेत. चहा पीत, कागदावर आकडेमोड करत, कुणाला तरी विचारून घेता येणारे. पलीकडून कुणी ‘लवकर करा’ म्हणत नसतं.

‘डिजिटल’ शब्द जोडला की काय बदलतं?

यूपीआय २०१६ मध्ये आलं. ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यातल्या यूपीआय व्यवहारांची संख्या २,००० कोटींच्या पुढे गेली. पैशाचा निर्णय आता भाजीच्या गाडीपाशी, एका हातात पिशवी धरून, काही सेकंदांत होतो. कोविडच्या काळात जगभर हेच झालं आणि २०२० नंतर ‘डिजिटल आर्थिक साक्षरता’ या नावाखालच्या शोधनिबंधांचा पूर आला. त्यात भारत, इंडोनेशिया आणि चीनमधलं काम भरपूर आहे.

पहिला वाद व्याख्येचा. आशियाई विकास बँकेच्या संशोधन संस्थेतल्या पीटर मॉर्गन आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये चार भाग सुचवले: डिजिटल सेवांची माहिती, त्यातल्या धोक्यांची जाणीव, धोका टाळण्याचं ज्ञान, आणि ग्राहकाचे हक्क व तक्रारीची वाट. यातला चौथा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्या जागृतीच्या पोस्टरवर तोच नसतो. दोन वर्षांनी अँजेला लायन्स आणि जोसेफिन कास-हॅना यांनी पाच भागांची चौकट मांडली. त्यात माहितीबरोबर प्रत्यक्ष करता येणं, निर्णय घेणं आणि स्वतःचं संरक्षण करणं हे वेगवेगळे धरले.

सोप्या शब्दांत, ‘क्यूआर कोड म्हणजे काय’ याचं उत्तर देता येणं वेगळं, तो स्कॅन करून पैसे देता येणं वेगळं, आणि स्कॅन केल्यावर स्क्रीनवर भलतंच नाव दिसलं तर थांबणं तिसरंच.

‘ओईसीडी’ या संघटनेने २०२३ मध्ये ३९ देशांच्या पाहणीत पहिल्यांदा डिजिटल साक्षरतेचे वेगळे गुण दिले. विचारलं काय? ऑनलाइन करार वैध ठरण्यासाठी कागदावर सही लागते का? क्रिप्टो चलनाला नोटा-नाण्यांसारखीच कायदेशीर मान्यता आहे का? बँकेचा पासवर्ड जवळच्या मित्राला सांगता का? सार्वजनिक वाय-फायवर खरेदी करणं सुरक्षित वाटतं का? शंभरपैकी ७० गुणांची किमान रेषा गाठणारे फक्त २९ टक्के निघाले.

मोजमापातली गोम

इथे थोडं थांबायला हवं, कारण या विषयावरच्या निबंधांची चळत चाळताना एक गोष्ट सारखी टोचते. यातल्या बऱ्याच अभ्यासांत लोकांना काही करायला सांगितलेलंच नसतं. ‘मला डिजिटल पेमेंट सुरक्षितपणे करता येतं’ असं वाक्य असतं आणि समोर ‘पूर्ण असहमत’ ते ‘पूर्ण सहमत’ असे पाच गोल. तेही अनेकदा गुगल फॉर्मवर, आणि भरणारे बहुतेक महाविद्यालयीन विद्यार्थी. मग त्यावर भारी सांख्यिकी लावून निष्कर्ष येतो, की डिजिटल साक्षरता जास्त असलेले लोक डिजिटल सेवा जास्त वापरतात. यासाठी एवढा खटाटोप कशाला, असं वाटून जातं.

अडचण उघड आहे. २०२२ मध्ये तो फॉर्म माझ्यासमोर आला असता तर मी डोळे झाकून ‘पूर्ण सहमत’ निवडलं असतं. आणि ज्याच्याकडे स्मार्टफोनच नाही, तो गुगल फॉर्म भरणार कसा? ज्यांच्या साक्षरतेची काळजी करायची तेच मोजणीतून बाहेर राहतात.

म्हणून आता कल बदलतोय. लोकांच्या स्वतःबद्दलच्या मताऐवजी त्यांना खरे आणि बनावट मेसेज एकत्र दाखवून ओळखायला लावणं, चाचणीसाठी तयार केलेला फसवा ईमेल पाठवून कोण क्लिक करतं ते बघणं, आत्मविश्वास आणि प्रत्यक्ष ज्ञान यांतला फरक मोजणं, अशा प्रयोगांना वजन येतंय. ‘मला सगळं कळतं’ असं वाटणं हीसुद्धा एक जोखीम आहे, हे त्यातून पुढे येतं. ‘डिजिटल अरेस्ट’ची प्रकरणं आठवा. अशी कुठलीही अटक भारतीय कायद्यात नाही. तरीही २०२४ मध्ये लुधियानातल्या एका मोठ्या वस्त्रोद्योग समूहाच्या प्रमुखांना सर्वोच्च न्यायालयाची बनावट ऑनलाइन सुनावणी दाखवून ७ कोटी रुपये उकळण्यात आले. शिक्षण, अनुभव, व्यवहारज्ञान, कशाचीच तिथे कमी नव्हती.

शिकवल्याने फरक पडतो का?

या प्रश्नावर संशोधकांत खडाजंगी झाली आहे. २०१४ मध्ये डॅनियल फर्नांडिस, जॉन लिंच आणि रिचर्ड नेटेमेयर यांनी २०१ अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला. लोकांच्या आर्थिक वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम ०.१ टक्का भाग आर्थिक शिक्षणामुळे असतो, असं त्यांचं म्हणणं. शिवाय शिकवलेलं काही महिन्यांत विरून जातं. आयुष्यभराचं ज्ञान एकदम कोंबण्यापेक्षा निर्णयाच्या क्षणी, गरजेपुरतं शिकवा, असा त्यांचा सल्ला होता.

उत्तर यायला आठ वर्षं लागली. टिम कैसर, लुसार्डी आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये फक्त काटेकोर प्रयोग निवडले. एका गटाला शिकवायचं, दुसऱ्याला नाही, आणि कोण कुठल्या गटात ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवायचं, असे ७६ प्रयोग, त्यांत मिळून १ लाख ६० हजारांहून अधिक माणसं. निष्कर्ष असा की शिक्षणाचा ज्ञानावर आणि वागण्यावरही परिणाम होतो, आणि तो समजला जातो तितक्या लवकर पुसला जात नाही.

मग खरं कोण? माझ्या मते खरा प्रश्न काय शिकवलं आणि कशासाठी, हा आहे. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये छोट्या दुकानदारांवर झालेला एक प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला रीतसर हिशेबलेखन शिकवलं, दुसऱ्याला फक्त काही ठोकताळे, जसं की घरचे पैसे आणि धंद्याचे पैसे वेगळ्या ठिकाणी ठेवा. ठोकताळेवाल्यांचा कारभार सुधारला. हिशेबलेखनवाल्यांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही.

बचत शिकवणं आणि फसवणूक टाळायला शिकवणं यांतही मोठं अंतर आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेच्या रुग्णालय यंत्रणेत १९,५०० हून अधिक कर्मचाऱ्यांवर आठ महिने प्रयोग चालला. मुद्दाम दहा वेळा बनावट ईमेल पाठवले गेले. प्रशिक्षण मिळालेले लोक न मिळालेल्यांपेक्षा किती कमी फसले? १.७ टक्के. प्रशिक्षणाचं पान समोर आलं की बहुतेकांनी ते मिनिटभरात बंद केलं होतं. आपणही ॲपमधल्या सूचना ‘पुढे, पुढे, पुढे’ करत उडवतोच की. दुसरीकडे, अमेरिकेतल्याच एका ऑनलाइन प्रयोगात छोट्याशा व्हिडिओने आणि मजकुराने गुंतवणुकीच्या फसवणुकीला बळी पडण्याची शक्यता कमी झाली, आणि काही महिन्यांनी पुन्हा आठवण करून दिली तेव्हा तो परिणाम टिकलाही. एकदाच घेतलेलं शिबिर आणि फोटो, हा आपला आवडता प्रकार इथे लंगडा पडतो.

म्हसवडच्या बायका आणि अंगठा

साक्षरता कशाला म्हणायचं, यावरचा सर्वांत चांगला धडा परदेशात नाही, साताऱ्याच्या माण तालुक्यात आहे. म्हसवडला चेतना गाला सिन्हा यांनी महिलांची सहकारी बँक काढायचं ठरवलं, तेव्हा रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला. कारण, सभासद बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. काही महिने अक्षरओळख करून त्या बायका पुन्हा मुंबईला गेल्या आणि अधिकाऱ्यांनाच आव्हान दिलं: कुठल्याही रकमेवरचं व्याज आम्हाला तोंडी विचारा आणि तुमच्या माणसांना कॅल्क्युलेटर न घेता सांगायला लावा. १९९७ मध्ये माण देशी महिला सहकारी बँक उभी राहिली. वरच्या तीनपैकी पहिला प्रश्न त्यांनी कागदाशिवाय सोडवला असता, पण तो कागदावर छापून दिला असता तर त्यांची गणना निरक्षरांत झाली असती.

पुढचा किस्सा आणखी बोलका आहे. चेतनाताईंनी तो जाहीर भाषणात सांगितला आहे. बँकेने डिजिटल व्यवहारासाठी पिन द्यायचं ठरवलं, तेव्हा एका सभासद बाईंनी तो नको म्हटलं. पिन कुणीही विचारून घेऊ शकतं, अंगठा कुणी चोरू शकत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. धोका कुठून येतो हे त्यांना व्याख्येशिवाय कळलं होतं. पुढे देशात काही ठिकाणी अंगठ्याचे ठसे नक्कल करून आधारवर चालणाऱ्या व्यवहारांतून पैसे काढल्याच्या घटना घडल्या. बाईंचा तर्क चुकला नव्हता, चोर एक पाऊल पुढे गेले.

बायकांच्या बाबतीत फोन कुणाचा, हा प्रश्न साक्षरतेच्याही आधी येतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या स्त्रिया ५४ टक्के होत्या. फोन नवऱ्याचा, ओटीपी मुलाच्या हातात आणि खातं तिच्या नावावर, अशा घरात ‘ओटीपी कुणाला सांगू नका’ हा सल्ला तिने पाळायचा कसा? मध्य प्रदेशातल्या एका मोठ्या प्रयोगात रोजगार हमीची मजुरी थेट स्त्रीच्या स्वतःच्या खात्यात जमा केली आणि खातं कसं वापरायचं तेही शिकवलं. ज्यांना नुसतं खातं उघडून दिलं होतं, त्यांच्यापेक्षा या स्त्रिया जास्त काम करू लागल्या. धडा आणि स्वतःच्या खात्यात येणारे स्वतःचे पैसे, दोन्ही एकत्र आले तेव्हा फरक पडला.

शिकवण्याऐवजी बटणच काढलं

आता माझ्या टेबलाकडे परत येऊ. मला आलेली सूचना म्हणजे यूपीआयमधली ‘कलेक्ट रिक्वेस्ट’, पैसे मागण्याची सोय. तिचा गैरवापर होऊ नये म्हणून वर्षानुवर्षं आपल्याला शिकवलं गेलं. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये फसवणुकीचे प्रकार सांगणारी ‘राजू आणि चाळीस चोर’ ही चित्रपुस्तिका काढली. बँकांचे मेसेज येत राहिले, जाहिराती लागत राहिल्या.

शेवटी नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने १ ऑक्टोबर २०२५ पासून एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला अशी मागणी पाठवण्याची सोयच बंद केली. व्यापाऱ्यांसाठी ती चालू आहे. म्हणजे ज्या धड्यासाठी कोट्यवधी लोकांना शिकवत बसलो, तो बराचसा एका परिपत्रकाने निकाली निघाला.

संशोधनातला सर्वांत नवा आणि मला सर्वांत पटणारा कल हाच आहे: चूक माणसाच्या डोक्यात शोधायच्या आधी ती ॲपच्या रचनेत शोधा. भारतात याची आणखी उदाहरणं आहेत. जून २०२५ अखेरपासून यूपीआयने पैसे पाठवताना घेणाऱ्याचं बँकेत नोंदलेलं नाव दिसायला लागलं, त्यामुळे फोनमध्ये ‘गॅसवाले काका’ म्हणून सेव्ह केलेला नंबर प्रत्यक्षात कुणाच्या खात्याचा आहे ते कळतं. एनईएफटी आणि आरटीजीएसलाही नाव तपासायची सोय आली. बँकांच्या संकेतस्थळांना शेवटी ‘डॉट बँक डॉट इन’ असलेला पत्ता घ्यायला लावला. बँकांच्या व्यवहारविषयक फोनसाठी १६०० ने सुरू होणारे क्रमांक ठरवले.

ही प्रत्येक सोय माणसाने लक्षात ठेवायची एक गोष्ट कमी करते. अर्थात चोर बसून राहत नाहीत. कलेक्ट रिक्वेस्ट बंद झाली, ‘डिजिटल अरेस्ट’ बंद झालेली नाही, कारण तिथे पैसे पाठवणारा स्वतःच, घाबरून, सगळ्या पायऱ्या बरोबर पार पाडतो. भीतीसाठी कुठलं बटण काढणार?

पैसे गेले तर भरायचे कुणी?

‘साक्षरता’ हा शब्द निरुपद्रवी वाटतो, पण त्याच्या पोटात पैशांची जबाबदारी दडलेली आहे. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये घालून दिलेल्या नियमांनुसार बँकेची चूक असेल तर ग्राहकावर काहीच बोजा नाही. दोष तिसऱ्याच कुणाचा असेल आणि तुम्ही ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तरीही नाही. पण पिन किंवा ओटीपी तुम्हीच सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान तुमचं. ग्राहकाची चूक सिद्ध करायची जबाबदारी मात्र बँकेवर आहे, हे वाक्य लक्षात ठेवा, तक्रार करताना कामाला येतं. स्वतः पिन टाकून पाठवलेले पैसे तर ‘अनधिकृत व्यवहार’ ठरवणंच अवघड. माझे पैसे त्याच खात्यात गेले.

ब्रिटनने वेगळी वाट घेतली. ७ ऑक्टोबर २०२४ पासून तिथे फसवून पाठवायला लावलेले पैसेही, ८५ हजार पौंडांपर्यंत, परत मिळू शकतात. भरपाई पाठवणारी आणि स्वीकारणारी वित्तसंस्था निम्मी निम्मी करतात. ग्राहकाचा घोर निष्काळजीपणा असेल तर अपवाद आहे. चोराचं खातं ज्या बँकेत आहे तिच्याही खिशाला चाट बसते, म्हणून तिलाही ते खातं वेळेत ओळखण्याची गरज वाटते. अशा नियमांमुळे लोक बेफिकीर होतात का, ही पुढच्या संशोधनाची वाट आहे. आपल्याकडे शिकवण्याचा खर्च आणि न शिकल्याचा दंड, दोन्ही बऱ्याच अंशी ग्राहकाच्या माथी आहेत, तोवर परीक्षेत नापास कुणाला म्हणायचं हा प्रश्न राहतोच.

आत्ताच पैसे गेले असतील तर

१९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनला लगेच फोन करा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात वेगाने फिरवले जातात, ते मधल्या खात्यात अडवायचे तर सुरुवातीचे तास मोलाचे. त्याच वेळी बँकेला कळवा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, आलेले मेसेज आणि फोन नंबर यांचे स्क्रीनशॉट जपून ठेवा, लाजेपोटी काही पुसू नका. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्याला शुल्क नाही.

मी तेव्हा १९३० ला फोन केला नव्हता. रक्कम छोटी म्हणून, आणि इंजिनीअर असून फसलो हे सांगायचं कसं म्हणूनही. आईला हे पहिल्यांदा सांगितलं ते मागच्या आठवड्यात, या लेखाच्या निमित्ताने. ती एवढंच म्हणाली, ‘मला विचारायचं होतंस.’